मांडीची कातडी

पंख्याचं मधलं भांडं दिसेना, तेव्हा गोदीला कळलं. बाकावर ती मागच्या खेपेसारखीच बसली होती, पाठ भिंतीला टेकून आणि पाय खाली सोडून. मागच्या खेपेला ह्याच बाकावरून वरचा पंखा तिला सबंध दिसला होता. तिन्ही पाती दिसली होती, मधलं वाटोळं भांडं दिसलं होतं, भांड्याला धरून राहिलेलं जाळं आणि त्या जाळ्यात बसून पंख्याबरोबर गरगर फिरणारा कोळीसुद्धा. तो कोळी चक्कर येऊन खाली कसा पडत नाही, ह्याचं तिला फार नवल वाटलं होतं आणि पाड्यावर जाऊन तिने ते सांगितलंही होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. आज कोळी सोडाच, पात्यांची टोकं तेवढी नजरेच्या वरच्या काठाशी येत होती आणि पळत होती, कुंपणापलीकडून पोरांनी डोकावून पळावं तशी. तिने कंबर जराशी पुढे सरकवली. पंखा थोडा खाली उतरला. आणखी सरकवली, तसं मधलं भांडं दिसलं. पण तोवर ती बाकावर जवळजवळ आडवीच झाली होती आणि समोरचा म्हातारा तिच्याकडे, आता ही घसरणार, अशा नजरेने बघत होता. गोदी सरळ बसली. मान खाली यायला लागली होती. आजच यायला लागली असं नव्हे. येत असणार कधीपासूनची, भाताच्या कणगीतला भात खाली जातो तशी, रोज बघणाऱ्याला न दिसता.

मांडीवरच्या पिशवीत पट्टा होता. दवाखान्याने मानेला लावायला दिलेला, जाड, मऊ, मागे चरचर आवाज करत चिकटणारा. काल तिने तो धुऊन दगडावर वाळत घातला होता. धुतल्यावर डाग गेले, पण हंड्याच्या बुडाची खोबण गेली नाही. तिने दोन्ही हातांनी दाबून, ओढून, वर बसूनसुद्धा पाहिलं. खोबण तिथेच. आत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, एकेकाला नावाने बोलावत होत्या, आणि त्या विचारणार होत्या. काय विचारणार ते गोदीला ठाऊक होतं. काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं.

ह्या बाईंची खोली दवाखान्याच्या एका कडेला होती. जव्हारचा दवाखाना म्हणजे सगळ्या रोगांचा बाजार: पलीकडे तापाची रांग, त्यापलीकडे दातांची, मध्ये बाळंतिणींची. पुतळी, म्हणजे गोदीच्या भावाची बायको, त्या मधल्या रांगेत पोट सांभाळत उभी होती. सातवा चालू होता तिला. दोघी सकाळी सूर्यमाळहून एकाच जीपने निघाल्या, मोखाड्याला जीप बदलली, आणि इथे फाटकात शिरल्यावर एक डावीकडे गेली, एक उजवीकडे. डॉक्टरीणबाई नाशकाहून ठरलेल्या वारी यायच्या. त्यांचं काम काय, हे दवाखान्यातल्या शिपायालासुद्धा नीट सांगता येत नसे. तो म्हणायचा, "त्या मॅडम कातडीचं शिवणकाम करतात." आणि खरं सांगायचं तर ह्याहून बरं कुणी सांगितलेलं गोदीने ऐकलं नव्हतं.

मान गेली ती थंडीत. गोदी तेव्हा एवढीशी होती, शेकोटीभोवती सगळे झोपायचे तशी झोपलेली, आणि झोपेत वळली. तिला जाळ आठवत नाही. आयस, म्हणजे तिची आई माघी, तिने आपल्याला उचललं तेव्हा तिच्या लुगड्याला नाचणीच्या पिठाचा वास होता, तेवढं आठवतं. मग पाल्याचे लेप, मग कोंबडीच्या अंड्याचा लेप, मग भगत. जखम भरली. भरली म्हणजे अशी भरली की हनुवटी आणि छाती ह्यांच्यात जे होतं तेही भरून निघालं. गळा नावाची जागाच उरली नाही. आयस सगळ्यांना सांगायची, "पोर जगली ना, पुरं." आणि पोर जगली, खाली बघत.

पण खाली बघून जगणाऱ्याला काही दिसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गोदीबरोबर चालायला हवं होतं. पाड्यावर हरवलेली वस्तू गोदीला सापडली नाही असं झालं नाही. नथ, बोकडाची घंटा, मोबाईलचा तो नखाएवढा पत्रा. पंढरीचा हलता दात एका लग्नात हसताना उडून गेला, रात्रभर वऱ्हाड त्याच्यावरून नाचलं, आणि सकाळी गोदीने तो शेणातून अचूक उचलून त्याच्या हातावर ठेवला; पंढरीने धुऊन परत बसवून पाहिला म्हणतात, आणि दोन दिवस तो बसलाही. खेकड्याचं बीळ जुनं की राहतं, ते तिला मातीवरून कळायचं. रानात जाताना बायका तिला पुढे घालायच्या, कारण साप आधी गोदीला दिसायचा आणि मग सापाला गोदी. माणसं तिने पायांवरून ओळखली. आयसचे पाय टाचेला भेगाळलेले, डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट दुसऱ्यावर चढलेलं. भाऊ सोम्या, त्याच्या अंगठ्याचं नख काळं. कोण रागात आलंय, कोण उधार मागायला आलंय, कोण नुसतंच बसायला आलंय, हे टाचा सांगायच्या. तोंड लबाडी करतं असं तिने लोकांकडून ऐकलं होतं. पायांनी तिच्याशी कधी लबाडी केली नाही. एक गोष्ट मात्र तिला कधीच करता आली नाही. डोक्यावर हंडा. खाली वाकलेल्या डोक्यावर हंडा राहतो कुठे? ती कळशी कमरेवर घ्यायची, लहान, पोरींची. पाण्याला निघालेल्या बायकांची ओळ टेकाड चढायची, एकीमागे एक, डोक्यावर एकावर एक दोन हंडे, हात सोडलेले, गप्पा चाललेल्या. आणि त्या ओळीच्या शेवटी गोदी, समोरच्या बाईच्या टाचा बघत. आपल्या पुढे चाललेल्या बाईचं वरचं टोक कसं दिसत असेल, हे ती त्या बाईच्या सावलीवरून जाणायची.

पाड्यावर शिबिराची गाडी आली तेव्हा बाईंनी तिला पाहिलं. वाकून, खाली बसून पाहिलं, म्हणजे गोदीला त्यांचं तोंड दिसलं. त्या म्हणाल्या, मान सुटेल. लोकांनी ऐकलं, प्लास्टिकचं ऑपरेशन. झालं, पाड्यावर त्याची चर्चा महिनाभर पुरली. बायडी नावाची म्हातारी आहे एक, तिचं म्हणणं पडलं की गळ्यात प्लास्टिक बसवलं तर ही पुन्हा चुलीपुढे बसायची नाही, वितळेल. पंढरी म्हणाला, वितळेल ते वितळेल, पण पावसात सडायचं तरी नाही. आयसने फक्त विचारलं, "हंडा घेईल का ती मग?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आधी आभाळ तर बघू दे." त्याचं उत्तर हो की नाही, हे आयसला समजलं नाही, आणि गोदीने ते हो असं धरलं.

दवाखान्यात मग ती नुसती पडून होती. ताप नाही, दुखणं नाही. बाजूच्या खाटेवर रविना म्हणून दाभोसाची बाळंतीण होती, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला काय झालंय गो?"

"मान."

"दुखते?"

"नाय."

"ताप येतो?"

"नाय."

"मग खाट कशाला अडवलीस?"

हे तिच्या एकटीचं म्हणणं नव्हतं. ऑपरेशनचं टेबल एक. गोदीला सकाळी उपाशी ठेवायचे, हिरवा झगा घालायचे, आणि तेवढ्यात कुणी अडलेली बाई यायची नाहीतर बैलाने पोटात शिंग घातलेला गडी, आणि गोदी झगा घालून परत खाटेवर. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अडलेल्या बाईच्या पुढे तिने कसं जायचं? पण एकदा दाराशी एक डॉक्टर बाईंना म्हणाले, "मॅडम, तुमची केस काय, उद्या केली तरी चालते. एवढी वर्षं खाली बघतेच आहे ती." आणि बाईंनी हातातला कागद घडी करत सांगितलं, "म्हणूनच तर आज करायचीय." त्यांची चप्पल त्या वेळी जमिनीवर अशी काही घट्ट रोवली होती की गोदीला वाटलं, आता ही बाई हलायची नाही. आणि त्या दिवशी टेबल मिळालं.

भूल द्यायला नळी घालायची, तर नळी घशात जायला मान मागे हवी. आणि मान मागे जावी म्हणून तर ऑपरेशन. तेव्हा आधी नुसतं कातडं बधिर करून, गोदी जागी असतानाच, बाईंनी पहिली सुरी चालवली. दुखलं नाही. आवाज आला. जुनं धोतर फाडून लंगोट्या करताना येतो तसा, लांबलचक. आणि डोकं मागे गेलं. कुणी नेलं नाही, आपलं आपण गेलं, एवढी वर्षं दारात अडवून ठेवलेली गाय सोडल्यावर जाते तसं. वर एक भलामोठा दिवा होता, त्याच्यात बरेच दिवे. त्याच्या बाजूने बाईंचे डोळे. "दिसतंय का?" असं त्यांनी विचारलं आणि गोदी हो म्हणाली, पण काय दिसत होतं ते तिला आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. मग तिला निजवलं. मांडीची कातडी काढून गळ्याला लावली.

मांडीची. त्या गोष्टीचा ती पुढे फार विचार करायची. खाटेवर पडल्या पडल्या, गळ्यावर हात न नेता. ती कातडी आपलीच, पण ती मांडीची. तिला माणसाचं बसणं ठाऊक. जोत्यावर बसून नाचणी पाखडणं, गुडघे पोटाशी घेऊन पावसाकडे बघणं, कुणी वारलं की जमिनीवर बसणं. मान म्हणून उभं कसं राहायचं हे तिला कुणी शिकवलं? घरी आल्यावर गळ्याला कधी कधी उगीचच जड वाटायचं, दमून आल्यावर मांड्यांना वाटतं तसं, आणि गोदी मनातल्या मनात तिला सांगायची, जरा धीर धर, आपण आता इथेच राहायचं आहे. कातडी ऐकायची नाही. आज बाकावर बसल्या बसल्या ते तिला पुन्हा जाणवत होतं, ती बारीक ओढ. कातडीला घरची आठवण येत होती. ती घडी घालू बघत होती.

सरळ मान घेऊन ती पाड्यावर परत आली, तेव्हा माघ चालू होता. आणि आल्या आल्या फजिती झाली. तोंडं ओळखू येईनात. ज्याला त्याला दोन डोळे आणि मध्ये नाक. त्यात वेगळं ते काय? पायांना काही तरी ओळख असते. सोम्या समोर येऊन उभा राहिला, हसत होता, आणि गोदीने त्याला "बसा" म्हटलं, पाहुण्याला म्हणावं तसं; मग मान वाकवून त्याच्या अंगठ्याचं काळं नख बघितलं तेव्हा सगळं घर हसलं. आयसचं तोंड तिने पाहिलेलं होतं, पण आयस निजलेली असताना. जागं तोंड निराळंच निघालं. आणि आभाळ. निजून आभाळ बघणं आणि उभं राहून बघणं ह्यात, बघा, विहिरीत डोकावणं आणि विहिरीत पडणं एवढा फरक आहे. पहिल्या दिवशी ती अंगणात उभी राहून वर बघायला गेली आणि मटकन खाली बसली. लोक म्हणाले, अशक्तपणा. अशक्तपणा नव्हता. ती वर पडत होती.

हरवलेल्या वस्तू मात्र आता तिला सापडेनात. बोकडाची घंटा हरवली, दोन दिवस शोधली, शेवटी पंढरीच्या पोराला मिळाली.

आणि मग वैशाख आला. सूर्यमाळला वैशाख येतो तेव्हा विहिरीत टँकर पाणी ओततो आणि बायका ते काढतात, आणि जे काढतात ते टेकाड चढवून पाड्यावर आणतात. सोम्या तोवर वसईकडे बांधकामावर गेलेला. तिथे त्याचं काम नव्या भिंतींवर पाणी मारण्याचं. दिवसभर नळी धरून तो सिमेंटला पाणी पाजतो, मन भरून. फोनवर सांगायचा, इथे भिंती आपल्यापेक्षा जास्त पितात. आयसचे गुडघे टेकाड उतरत नव्हते. राहिली पुतळी आणि पुतळीचं पोट. गोदीने एक दिवस पुतळीच्या हातातून हंडा घेतला. बाईंनी ओझं नको म्हणून सांगितलं होतं ते तिला आठवत होतं, पण आठवत होतं ते खूप लांबचं, जव्हारच्या पंख्याखालचं. चुंबळ करायला फडकं शोधत होती, आणि पट्टा गळ्यात होता. जाड, मऊ, वाटोळा. तिने तो चरचर काढला आणि डोक्यावर ठेवला. असा बसला की कुणालाही वाटावं, तो चुंबळ म्हणूनच केलेला. पुतळी म्हणाली, "दवाखान्याने चुंबळ चांगली दिली गो."

त्या दिवशी गोदी ओळीत मधे चालली. डोक्यावर हंडा होता आणि हात सोडलेले होते. समोरच्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याला ऊन लागून तो चमकत होता, आणि हे आपण सावलीवरून नाही, डोळ्यांनी बघतोय, हे तिला प्रत्येक पावलाला कळत होतं. पाणी डोक्यावर असलं की ते आपल्याशी बोलतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आत बारीक बुडबुड चालते, आणि ती मानेच्या मणक्यांतून खाली टाचेपर्यंत जाते. पंढरी कट्ट्यावरून ओरडला, "गोदी, वाकू नको, वाकलीस तर अंघोळ होईल." आणि ती वाकली नाही. घरी आयसने दारात हंडा उतरवून घेतला, आत बघितलं, आणि भरलेल्या हंड्याला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

मग रोजचं झालं. गोदी मनाशी हिशेब करायची: मान सरळ ठेवायला पट्टा दिला. हंडा डोक्यावर असताना मान सरळच ठेवावी लागते. मग हंडा पट्ट्याचंच काम करतो, उलट जास्त करतो. पट्टा नुसता टेकू देतो, हंडा धाक देतो. ह्यात चूक कुठे होती ते तिला आजही सापडत नव्हतं. ती दुपारी निजली की पुतळी पट्टा घेऊन खालच्या झऱ्याला जायची, आणि पहाटे टँकरच्या आधी रांग धरायची तर पट्टा उशाला नव्हे, दाराशी ठेवलेला बरा. गळा रात्रभर मोकळा. त्याला मोकळं बरंही वाटायचं. आणि अलीकडे हंडा जरा पुढे घसरायला लागला होता, तेव्हा गोदीने पट्ट्याचा हनुवटीकडचा जाड भाग कपाळाच्या बाजूला फिरवून घेतला. हंडा बसला. तिने तेव्हा एवढंच म्हटलं, पट्ट्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात, हे बरंय.

"गोदी."

आत गेली. बाईंनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, समोर बोट धरलं आणि ते वर वर नेलं. "बोटाकडे बघ. पाठ सोडू नकोस भिंतीची." बोट वर गेलं, आणि एका जागी नजरेतून निसटलं. बाईंनी ते खाली आणलं, पुन्हा नेलं, पुन्हा तिथेच. मग त्यांनी गळ्यावर हात ठेवला. हात गार होता, पण गोदीला तो गळ्यावर वाटलाच नाही, नुसता दाब वाटला, लुगड्यावरून कुणी मांडी दाबावी तसा.

"पट्टा?"

गोदीने पिशवीतून काढला. बाईंनी तो हातात फिरवला. खोबणीवर अंगठा ठेवला. ह्या खुणा कसल्या, हे त्यांना आधी कळेना. पट्टा उलटा केला, वास घेतला, टेबलावर वाटोळा करून ठेवला, आणि तो टेबलावर तसा बसलेला बघून त्यांचा हात थांबला.

"पाणी कोण आणतं घरात?"

"मी. नायतर वैनी."

"वैनी काय करते?"

"तिला सातवा हाय."

"आणखी कोण आहे?"

गोदीला वर बघावंसं वाटलं. तेवढं आता वर होत नव्हतं, म्हणून तिने बाईंच्या चपलांकडे पाहिलं. त्या चपला आज घट्ट रोवलेल्या नव्हत्या. एक पाय दुसऱ्यामागे गेला होता.

"हंडा डोक्यावर असला की मान सरळ राहते ना पण," ती म्हणाली.

"हाड राहतं." बाई हळू बोलत होत्या, चिडून नाही, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कातडीला हाड नाही, गोदी. तू निजलीस की ती आकसते. बसलीस की आकसते. तू विसरलीस तरी ती विसरत नाही. म्हणून पट्टा. दिवसा, रात्री, जेवताना. वर्षभर. आणि ओझं नाही. एक कळशी नाही."

"पुन्हा कापता येईल?"

"दुसरी मांडी आहे," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर, जिथे तापाची रांग वळण घेऊन फाटकापर्यंत गेली होती, तिकडे बघत म्हणाल्या, "टेबल मिळालं तर. दिवाळीनंतर. तोवर किती खाली येते ते बघायचं. हनुवटी पुन्हा छातीला टेकली, तर मग मलाही फार करता येणार नाही." त्यांनी कपाटातून नवा पट्टा काढला, स्वतः तिच्या गळ्यात घातला, मागे चरचर चिकटवला आणि दोन्ही हात थोडा वेळ तिच्या खांद्यांवर ठेवले. "हा डोक्यावर जाऊ देऊ नको." गोदी हो म्हणाली. तिला त्यांना आणखी काही द्यावंसं वाटलं, पण हो शिवाय तिच्याकडे काही नव्हतं.

व्हरांड्यात पुतळी खांबाला टेकून उभी होती, हातात गोळ्यांची पाकिटं.

"काय म्हणाली तुझी?" गोदीने विचारलं.

"अंगात रक्त नाय, म्हणाली. आणि ओझं उचलायचं नाय. कळशी पण नाय. तुझी?"

"तेच."

"हेच?"

"कळशी पण नाय. हेच."

पुतळीने पाकिटं कमरेला खोचली. मग म्हणाली, "गोदीबाय, ह्या दोघी एकाच छपराखाली बसतात ना? एकमेकींना विचारून तरी सांगायचं. एकीला तरी मोकळी ठेवायची." आणि दोघींना हसू आलं. आधी पुतळीला आलं, ती पोट धरून हसायला लागली, मग गोदीला. पट्ट्याने गोदीची हनुवटी वर धरली होती, म्हणून हसताना तोंड नीट उघडत नव्हतं, त्याचं पुतळीला आणखी हसू. दातांच्या रांगेतले लोक बघायला लागले. लक्ष्या जीपवाला, मोखाड्यापासून वर ह्यांना नेणारा, तोही नंतर म्हणाला, "दवाखान्यातून हसत येता, औषध नाय मिळालं वाटतं." पुतळी त्याला म्हणाली, "मिळालं. दोघींना एकच." मग जीप भरली आणि वळणं सुरू झाली. गोदी पुढे बसली होती. पट्ट्यामुळे समोरचे डोंगर दिसत होते, उघडे, तांबडे, आणि त्यांच्यावर उभं आभाळ. ती ते बघत राहिली. दिवाळीपर्यंत किती वैशाख असतात, असा एक खुळा विचार मनात आला. एकच असतो, आणि तो हाच होता.

पाड्यावर पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टँकर नुकताच गेला होता, विहिरीवर बायका जमल्या होत्या, आणि आयस दारात बसून दोन्ही रिकाम्या हंड्यांकडे बघत होती. पुतळी आत जाऊन पिशवीतला जुना पट्टा खुंटीला लावायला निघाली, तो गोदीने तिच्या हातातून घेऊन भाताच्या रिकाम्या कणगीत टाकला, आणि हंडा उचलला. "मी जाते. तू फक्त वर द्यायला चल." पुतळी म्हणाली, "बाई काय म्हणाल्या?" गोदी म्हणाली, "पट्टा काढायचा नाय म्हणाल्या. नाय काढत."

विहिरीवर तिने पदराची चुंबळ केली, चांगली घट्ट पिळून. पुतळीने आणि बायडीने दोन्ही बाजूंनी हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि हात सोडले. हंडा पुढे आला. आपला आपण आला, घाई न करता, उतारावरून गडी उतरावा तसा, आणि पाण्याचा एक लोट गोदीच्या कपाळावरून, नाकावरून, पट्ट्यात गेला. त्यांनी धरला. "चुंबळ नीट कर गो," बायडी म्हणाली. गोदीने चुंबळ पुढून जाड केली. पुन्हा ठेवला, पुन्हा पुढे आला. मागून दोन बोटं दाबून पाहिलं, कंबर मागे टाकून पाहिलं, बाकावर पंख्यासाठी टाकली होती तशी. कंबर मागे टाकून उभं राहता येत होतं, चालता येत नव्हतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मान किती खाली आलीय ते आजवर तो पट्टाच झाकून ठेवत होता, डोक्यावर बसून, आपला जाड भाग पुढे करून. जुना कणगीतून आणावा, तर पट्टा डोक्यावर नेणार नाही असं ती बाईंना हो म्हणून आली होती. पट्टा गळ्यात असला तर हंडा नाही. तो डोक्यावर असला तर गळा नाही.

"आण इकडे," पुतळी म्हणाली.

गोदीने हंड्याचा काठ धरलेला होता, तो सोडला नाही.

"आण ना, गोदीबाय. दोन खेपांनी काय होतंय?"

पुतळीने दुसऱ्या बाजूने काठ धरला. तिचे पाय ओल्या दगडावर होते, सुजलेले, बोटं फाकलेली, आणि ते काय सांगत होते ते बघायला गोदीला वाकावंही लागलं नाही. तिने काठ आणखी घट्ट धरला. पुतळीनेही धरला. हंडा दोघींच्या मध्ये, पुतळीच्या पोटाला टेकलेला, आणि त्यातलं पाणी एकदा हिच्याकडे कलत होतं, एकदा तिच्याकडे. मागे रांग वाढली होती. कुणी तरी कळशी दगडावर आपटली.

"उचला गो कुणी तरी एकीने," बायडी म्हणाली, "पाणी गढूळ होतंय खाली."